ड्युईंचे नाव आणि ड्युईंचा आकडा

जून २०१९मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या परिषदेने वॉशिंग्टनच्या अधिवेशनात एक ठराव केला आणि आपल्या मानाच्या पदकावरून मेल्विल ड्युई हे नाव उतरवले. ज्या संघटनेच्या स्थापनेसाठी १८७६ साली ड्युईंनी सर्वांत जास्त धावपळ केली, तिनेच हा निर्णय घेतला. ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना दूर ठेवण्याचे त्यांचे धोरण आणि स्त्रियांशी त्यांनी वारंवार केलेले गैरवर्तन, ही त्यामागची कारणे होती. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला एकविसाव्या शतकाच्या मापाने मोजू नये, असे यावर अनेकांना वाटले. वरवर पाहता ही तक्रार न्यायाची आहे. इतिहासातल्या माणसांना आजच्या कोर्टात उभे करण्याची घाई नेहमीच धोक्याची असते. परंतु ड्युईंच्या बाबतीत ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही, असे मला ठामपणे वाटते. त्यांच्या वागण्याचा निवाडा त्यांच्याच काळातल्या माणसांनी, त्यांच्या हयातीत, त्यांच्याच देशात केला होता. मधल्या काळात तो निकाल गाडला गेला आणि २०१९मध्ये तो वर काढला गेला, एवढेच. या निकालाला जोडून एक दुसरा, अधिक अवघड प्रश्न येतो. नाव पदकावरून उतरवता येते. पण या माणसाने पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायला लावलेला आकडा तालुक्याच्या वाचनालयापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याचे काय करायचे?

ड्युईंचा जन्म १० डिसेंबर १८५१चा, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडम्स सेंटर या लहानशा गावातला. बापाचे बुटांचे आणि किरकोळ मालाचे दुकान. घरात कडक बाप्टिस्ट वळण, दारूतंबाखूला बंदी आणि वेळेचा काटेकोर हिशेब. हंगेरीचा क्रांतिकारक लायोश कोशुत तेव्हा अमेरिकेत गाजत होता, म्हणून मुलाचे पूर्ण नाव मेल्विल लुई कोशुत ड्युई असे ठेवले गेले. मोठेपणी त्यांनी त्यातली मधली नावे टाकून दिली आणि पहिल्या नावातली न उच्चारली जाणारी अक्षरेही कापली. इंग्रजीचे स्पेलिंग सोपे झाले तर मुलांची कित्येक वर्षे वाचतील, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती. काही काळ तर ते आपले आडनावही ‘डुई’ अशा सुटसुटीत स्पेलिंगने लिहीत. १८६८च्या हिवाळ्यात त्यांच्या शाळेला आग लागली. पुस्तके बाहेर काढताना छातीत धूर गेला, खोकला बळावला आणि डॉक्टरांनी आयुष्य थोडे उरले असल्याचे सांगितले. ते प्रत्यक्षात ऐंशी वर्षे जगले. पण वेळ संपत चालला आहे, ही धास्ती त्यांना कधी सोडून गेली नाही. स्पेलिंग सुधारणा, मेट्रिक मापे, लघुलिपी, पुस्तकांची मांडणी या त्यांच्या सगळ्या उद्योगांच्या तळाशी फुकट जाणारा वेळ वाचवण्याचा हा एकच ध्यास दिसतो.

ॲमहर्स्ट कॉलेजात शिकत असताना १८७२मध्ये त्यांना तिथल्या ग्रंथालयात काम मिळाले. त्या काळी बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याचा पत्ता असे : अमुक कपाट, अमुक खण, डावीकडून अमुकावे पुस्तक. नवी पुस्तके आली, कपाट भरले, खोली बदलली, की सगळे क्रमांक खोडून पुन्हा लिहायचे आणि तालिकाही नव्याने करायची. एका विषयाची पुस्तके एका जागी राहत नसत, कारण त्या विषयाच्या खणात जागाच उरलेली नसे. ड्युईंनी आजूबाजूची अनेक ग्रंथालये पाहिली, ग्रंथव्यवस्थेवर जे काही छापले होते ते वाचले आणि १८७३मध्ये उपाय सुचवला. क्रमांक फळीला द्यायचा नाही, विषयाला द्यायचा. आणि तो दशांश अपूर्णांकासारखा द्यायचा, म्हणजे दोन क्रमांकांच्या मध्ये हवे तितके नवे क्रमांक घालता येतील. आजच्या तक्त्यांत विज्ञान ५००, त्यातले गणित ५१०, गणितातली भूमिती ५१६. भूमितीत उद्या नवी शाखा निघाली तर टिंबापुढे एक अंक वाढवायचा; आधीच्या एकाही पुस्तकाला हात लावायला नको. कपाट हलवा, इमारत बदला, पुस्तकांचा आपसातला क्रम तसाच राहतो. जोडीला त्यांनी विषयांची अकारविल्हे सूची दिली. वर्गीकरणाचे तत्त्वज्ञान ठाऊक नसलेल्या साध्या कारकुनालाही त्या सूचीत शब्द शोधून क्रमांक काढता येई.

यातले किती त्यांचे स्वतःचे होते, हा वाद जुना आहे आणि त्याचे उत्तर देता येते. विषयांचा मूळ क्रम त्यांनी सेंट लुईचे शिक्षणतज्ज्ञ विल्यम टॉरी हॅरिस यांच्या १८७०च्या योजनेवरून घेतला. हॅरिस यांनी फ्रान्सिस बेकनची ज्ञानविभागणी उलटी करून ती योजना बांधली होती. इटालियन प्रकाशक बत्तेझ्झाती यांच्या पद्धतीचे ऋण ड्युईंनी स्वतःच नोंदवले आहे. दशांशाचा उपयोगही याआधी फळ्या मोजण्यासाठी झालेला होता. विषयाला दशांश लावणे आणि त्याला सूची जोडणे, ही सांधणी मात्र ड्युईंची. १८७६ साली ४४ पानांची एक पुस्तिका लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली, आणि ग्रंथालयांच्या इतिहासात तिच्याइतके दूरवर गेलेले दुसरे छापील पुस्तक दाखवणे कठीण आहे. त्याच वर्षी ड्युई बॉस्टनला आले. फिलाडेल्फियात ग्रंथपालांची संघटना उभी राहिली, तिचे मासिक सुरू झाले, मेट्रिक मापांसाठी आणि स्पेलिंग सुधारणेसाठी आणखी दोन संस्था निघाल्या. ड्युई तेव्हा पंचवीस वर्षांचेही झाले नव्हते. पुढे त्यांच्या कंपनीने ग्रंथालयांना लागणारी कपाटे, कार्डे, फायली विकायला घेतल्या. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचे, खाली भोक असलेले तालिकेचे कार्ड ज्यांनी लाकडी खणात बोटांनी मागे-पुढे केले आहे, त्या सर्वांनी ड्युईंच्या मेट्रिक आग्रहाला हात लावलेला आहे. मुंबई-पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत ते खण संगणक येईपर्यंत रोज उघडले जात होते.

१८८३मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने त्यांना ग्रंथपाल नेमले. कोलंबियात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. ड्युईंनी ग्रंथालयात वेल्स्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयातून आलेल्या सहा तरुणी कामाला घेतल्या. पुढे ५ जानेवारी १८८७ रोजी त्यांनी ग्रंथपालन शिकवणारी जगातली पहिली शाळा सुरू केली, तेव्हा वीस विद्यार्थ्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. विश्वस्तांनी वर्गखोल्या देण्यास नकार दिला, तर त्यांनी एक अडगळीची खोली झाडून घेऊन तिथे वर्ग भरवला. या हट्टाची किंमत त्यांना कोलंबियातल्या जागेने मोजावी लागली. अमेरिकेत ग्रंथपालाचा पेशा सुशिक्षित स्त्रियांना खुला झाला, त्यात ड्युईंचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांच्या कोणत्याही टीकाकाराने तो नाकारू नये. पण या उघडलेल्या दाराची रचनाही पाहायला हवी. स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार का मिळतो, याची कारणे ड्युईंनी १८८६ साली जाहीरपणे मांडली होती : व्यवहाराचे शिक्षण नाही, प्रकृती नाजूक, लग्नानंतर नोकरी सोडण्याची शक्यता. कमी पगारात शिकलेली, कष्टाळू, तक्रार न करणारी माणसे ग्रंथालयांना मिळतात, हा त्यांच्या हिशेबाचा भाग होता. शाळेच्या अर्जात उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग विचारलेला असे आणि छायाचित्रही मागितलेले असे. (याहून अश्लील एक प्रश्न अर्जात असल्याची दंतकथा अमेरिकेत वर्षानुवर्षे फिरते. तिला आधार नाही, आणि जे आहे तेवढे पुरेसे गंभीर असताना तिची गरजही नाही.) नव्या पेशात शिरणाऱ्या स्त्रीला प्रवेश देणारा, शिकवणारा, शिफारसपत्र लिहिणारा आणि पुढची नोकरी लावून देणारा माणूस एकच होता. पुढे जे घडले ते या अवलंबनातून वेगळे काढता येत नाही.

कोलंबिया सोडून ते ऑल्बनीला राज्य ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि शाळाही १८८९मध्ये तिथे गेली. ही त्यांच्या कर्तृत्वाची सर्वांत भरीव वर्षे. गावोगावच्या लोकांसाठी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालये त्यांनी राज्याच्या खर्चाने चालवली, अंधांसाठी पुस्तकांची सोय केली, लहान ग्रंथालयांना अनुदान मिळवून दिले. इथेच आपल्याकडे येणारा एक धागा सापडतो. ड्युईंच्या कोलंबियातल्या शाळेत शिकवलेले विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये बडोद्याला आणले. तीन वर्षांत बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे यांची घडी बसवली. बडोद्याच्या फिरत्या पेट्या गावांत जाऊ लागल्या. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी या सगळ्या चळवळीची हकिकत १९१९मध्ये इंग्रजी पुस्तकातून जगापुढे ठेवली. ऑल्बनीतली कल्पना वीस-पंचवीस वर्षांत एका मराठी राजाच्या संस्थानात रुजली, ही गोष्ट ड्युईंच्या जमेच्या बाजूला मी मनापासून मांडतो. पुस्तक वाचकापर्यंत गेले पाहिजे, कमीत कमी खर्चात आणि जास्तीत जास्त लोकांपर्यंत, ही त्यांची तळमळ खरी होती.

आता दुसरी बाजू. १८९०च्या दशकात ड्युई आणि त्यांची पत्नी ॲनी यांनी ॲडिरॉनडॅक डोंगरांत लेक प्लॅसिड क्लब काढला. शिक्षक, ग्रंथपाल, पाद्री अशा मध्यमवर्गीय बुद्धिजीवींनी सुट्टीत येऊन राहावे, हवा आणि संगत दोन्ही शुद्ध मिळावी, ही त्यामागची कल्पना होती. जेवणाचे पदार्थ सुधारलेल्या स्पेलिंगमध्ये छापले जात. आणि क्लबच्या पत्रकात सदस्यत्वाची अट छापली होती : नैतिक, शारीरिक, सामाजिक किंवा वांशिक दृष्ट्या ज्याच्याविषयी कुणाचा आक्षेप असेल त्याला प्रवेश नाही, आणि ज्यूंच्या बाबतीत अपवादही नाही. १९०५च्या सुरुवातीला लुई मार्शल या वकिलांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमधल्या मान्यवर ज्यू नागरिकांनी राज्याच्या शिक्षणमंडळाकडे अर्ज दिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. राज्य ग्रंथपाल सर्वांच्या करातून पगार घेतो. तो एका समाजाला जाहीरपणे अस्पृश्य ठरवणारी संस्था चालवू शकत नाही. क्लब खासगी आहे, धोरण सदस्यांच्या इच्छेचे आहे, असा बचाव ड्युईंनी केला. मंडळाने तो मान्य केला नाही आणि त्यांच्यावर अधिकृत ठपका ठेवला. त्याच वर्षी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. राज्याच्या शिक्षणखात्याची नुकतीच फेररचना झाली होती, नव्या आयुक्तांशी त्यांचे पटत नव्हते, हेही राजीनाम्यामागे होते. सगळे काही एका अर्जामुळे घडले असे म्हणणे चूक ठरेल. पण ठपका हा ठपकाच होता, आणि तो १९०५चा होता.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या पोर्टलंडमधल्या अधिवेशनानंतर ग्रंथपालांचा एक गट अलास्काच्या सहलीला गेला. परत आल्यावर त्यातल्या चार स्त्रियांनी, ज्या स्वतः या पेशात मानाने उभ्या होत्या, ड्युईंनी आपल्याशी अंगलगट केल्याची तक्रार संघटनेतल्या वरिष्ठांकडे केली. प्रकरण वर्तमानपत्रांत गेले नाही. सभ्यतेच्या त्या काळच्या कल्पनांनी दोन्ही बाजूंची तोंडे बंद ठेवली. पण दारे बंद करून का होईना, निर्णय झाला. १९०६नंतर ड्युई, ज्यांच्याशिवाय संघटनेचे पान हलत नसे, तिच्या कामातून जवळपास नाहीसे झाले. पुढे क्लबमध्येही तेच घडत राहिले. वयाच्या ७८व्या वर्षी, १९३०मध्ये, त्यांना आपल्या पूर्वीच्या एका लघुलेखिकेला दोन हजार डॉलरहून अधिक रक्कम देऊन दावा मिटवावा लागला. २६ डिसेंबर १९३१ रोजी ते वारले. या सर्व घटना एकत्र ठेवल्या की ‘काळाचा माणूस’ हा बचाव कुठे अडतो ते दिसते. काळ म्हणजे फक्त ड्युई आणि त्यांच्यासारखे वागणारे नव्हेत. अर्ज देणारे मार्शल त्याच काळाचे होते, ठपका ठेवणारे मंडळ त्याच काळाचे होते, तक्रार करणाऱ्या चार स्त्रियाही त्याच काळाच्या होत्या. त्यांना वगळून उरलेल्यांना ‘तो काळ’ म्हणायचे असेल, तर आपण इतिहास पाहत नाही, त्यातला एक पक्ष निवडतो.

मग निकाल हरवला कसा? ड्युईंचे पहिले मोठे चरित्र १९३२मध्ये आले आणि ते लेक प्लॅसिड क्लबनेच प्रसिद्ध केले. दुसरे १९४४मध्ये आले. ते अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने काढले आणि त्याचे लेखक फ्रीमाँट रायडर हे ड्युईंच्या नात्यातले आणि एकेकाळचे सहकारी. दोन्ही पुस्तकांतला ड्युई हा अथक सुधारक आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला संघटनेने त्यांच्या नावाचे पदक ठेवले. तोवर १९०५मध्ये तक्रार ऐकणारी बहुतेक माणसे गेलेली होती, आणि तक्रार कागदावर उघडपणे ठेवलेली नसल्याने नव्या पिढीपाशी फक्त गौरवग्रंथ उरले होते. वेन विगँड या इतिहासकाराने ड्युईंची खासगी कागदपत्रे तपासून १९९६मध्ये सविस्तर चरित्र लिहिले तेव्हा दडलेली बाजू पुराव्यानिशी समोर आली. त्यानंतरही पदकाचे नाव बदलायला तेवीस वर्षे लागली. म्हणून पदकाच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न ‘आज का काढले?’ हा नाहीच. ज्यांना १९०६मध्ये संघटनेने दूर ठेवले होते त्यांचे नाव अर्ध्या शतकाने तिच्या मानचिन्हावर आले कसे, हे विचारायला हवे.

यावर एक आक्षेप अधिक वजनाचा आहे. ड्युईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्त्रियाही होत्या. कित्येक विद्यार्थिनींनी त्यांच्याबद्दल कृतज्ञतेने लिहिले, काहींनी आयुष्यभर त्यांच्यासोबत काम केले, आणि ॲनी यांनी पतीच्या वागण्याचा निरागस अर्थ लावून त्यांची पाठराखण केली. या साक्षी खोट्या मानण्याचे कारण नाही. पण एका स्त्रीशी सभ्य वागणे हा दुसरीशी केलेल्या गैरवर्तनाविरुद्धचा पुरावा होत नाही. शिवाय ज्या पेशात नोकरीचा मार्ग एका माणसाच्या शिफारशीतून जातो, तिथे कृतज्ञतेची पत्रे भरपूर आणि तक्रारी मोजक्या असणे स्वाभाविकच आहे. चार तक्रारी आल्या त्या अशा परिस्थितीत, हे लक्षात घेतले की त्यांचे मोल वाढते. दुसरा आक्षेप असा की इतक्या लोकांचे भले करणाऱ्याचा दोष पोटात घालावा. दोष पोटात कोण घालणार? ज्यांना तो सोसावा लागला त्यांना तो अधिकार आहे. संघटनेला त्यांच्या वतीने तो वापरता येत नाही. आणि पदकावरून नाव काढल्याने ड्युईंनी केलेले एकही काम पुसले गेलेले नाही. त्यांची पद्धत संघटनेने ठरावात रद्द केली नाही, तसा प्रस्तावही नव्हता.

पद्धतीचा खटला मात्र स्वतंत्रपणे चालवायला हवा, कारण तिथले पुरावे वेगळे आहेत. ड्युईंच्या तक्त्यांत धर्माला २०० ते २९९ हे आकडे मिळाले. त्यांतले २२० पासून २८९ पर्यंतचे सात विभाग ख्रिस्ती धर्माचे : बायबल, ईश्वरविद्या, चर्च, पंथ. उरलेले सगळे जग २९० मध्ये. आजच्या तक्त्यांत हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, ज्यू २९६, इस्लाम २९७. सुरुवातीच्या आवृत्त्यांत स्त्रियांचे स्थान हा विषय ३९६ला होता, म्हणजे चालीरीतींच्या वर्गात. त्याच्या एका बाजूला शिष्टाचार ३९५, दुसऱ्या बाजूला भटके आणि बहिष्कृत समाज ३९७. समलैंगिकतेवरची पुस्तके एकेकाळी मानसिक विकृतींच्या शेजारी ठेवायला सांगितलेली होती. हे ड्युईंच्या वैयक्तिक द्वेषातून आले असे म्हणता येणार नाही. ॲमहर्स्टच्या ग्रंथालयात जी पुस्तके होती त्यांना जागा लावायची होती. ख्रिस्ती धर्मावर शेकडो पुस्तके असताना आणि वेदांवर मोजकीच असताना तक्ता तसाच होणार. हॅरिस यांची योजना घेतली नसती तरी किंवा दुसऱ्या कुणी न्यू इंग्लंडमध्ये बसून आखली असती तरी फारसा फरक पडला नसता. म्हणून क्लबच्या पत्रकाचा दोष जसा ड्युईंच्या माथी बसतो, तसा २९० चा दोष बसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आरोपपत्रात कोंबल्या की खरा आरोप पातळ होतो.

पण दोष कुणाचा नाही म्हणून तो दोषच नाही, असेही ठरत नाही. आकडा हा केवळ पत्ता आहे, त्याने विषयाला कमीपणा येत नाही, असे पुष्कळ ग्रंथपाल म्हणतात. त्याला उत्तर डॉरथी पोर्टर यांनी दिले. १९३०पासून त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीयांविषयीचा ग्रंथसंग्रह सांभाळत होत्या. इतर ग्रंथालयांना विचारता त्यांना आढळले की कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके सर्रास दोन आकड्यांत जात : ३२६ म्हणजे गुलामगिरी, किंवा ३२५ म्हणजे स्थलांतर आणि वसाहत. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या कवितासंग्रहालाही त्यांनी ३२५ मध्ये पाहिले. कवितेच्या फळीवर कविता शोधणाऱ्या वाचकाला तो कवी कधीच भेटणार नव्हता. पोर्टर यांनी कुणाच्या परवानगीची वाट न पाहता आपल्या संग्रहात कविता कवितेत, इतिहास इतिहासात, वैद्यक वैद्यकात नेले. म्हणजे इथेही तक्त्यांचा दोष ओळखायला एकविसावे शतक उजाडावे लागले नाही. आपल्याकडे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी त्याच सुमारास अधिक मुळाशी जाऊन तेच केले. लंडनमध्ये ड्युईंची पद्धत शिकून आल्यावर त्यांना ती तयार खोक्यांची वाटली : विषय आधीच मोजून ठेवलेले, नव्या विषयाने मिळेल त्या खोक्यात बसायचे. त्यांनी १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण काढले. त्यात विषयाचे घटक सुटे ठेवून ते गरजेप्रमाणे जोडता येतात. पुढे ड्युई पद्धतीच्या संपादकांनीही आकडे जोडून घेण्याची सोय मोठ्या प्रमाणात आत घेतली. तरीही भारतातल्या बहुसंख्य ग्रंथालयांनी रंगनाथनांना गुरू मानून आकडे ड्युईंचेच वापरले, कारण छापील तक्ते, प्रशिक्षण आणि दुसऱ्या ग्रंथालयाने आधीच काढलेला वर्गांक हे सगळे तयार मिळत होते.

त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाच्या हाताशी आहे. साहित्याच्या वर्गात अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४० असे पूर्ण विभाग आहेत. स्पॅनिश, इटालियन, लॅटिन, ग्रीक यांनाही आहेत. उरलेल्या सर्व भाषा ८९०मध्ये. तिथून ८९१, तिथून आधुनिक भारतीय-आर्य भाषा ८९१.४, आणि मग मराठी ८९१.४६. मराठी कवितेचा आकडा ८९१.४६१ होतो. ज्या ग्रंथालयात तीन-चतुर्थांश पुस्तके मराठी आहेत तिथेही प्रत्येक पाठीवर हे सहा अंक आणि एक टिंब चिकटते, आणि पूर्ण ८१० विभागात दोन-चार अनुवादांपलीकडे काही नसते. ज्ञानेश्वरी गीतेवरील भाष्य म्हणून २९४.५९२४ला ठेवावी की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ला, हा निर्णय ग्रंथपाल घेतो तेव्हा तो विद्यार्थ्याला ती कशाच्या शेजारी दिसेल हे ठरवत असतो. कोकणीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. साहित्य अकादमीने १९७५मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तक्त्यांत ती मराठीच्याच आकड्याखाली, ८९१.४६९ला आहे. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या ज्या वादात गोव्यातली माणसे एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरली, त्यात हा आकडा नकळत एका बाजूला उभा आहे. मराठी ही माझी भाषा असूनही मला हे न्याय्य वाटत नाही.

मग पद्धतच टाकून का देऊ नये? कारण आकडा बदलणे म्हणजे प्रत्येक पुस्तक फळीवरून काढणे, पाठीवरची चिठ्ठी खरवडणे, नवी चिकटवणे, दाखल नोंदवहीत आणि तालिकेत दुरुस्ती करणे. एका ग्रंथपालावर आणि एका शिपायावर चालणाऱ्या वाचनालयाला हे झेपत नाही. आणि आकडा सगळीकडे एकच असल्यामुळे एका ग्रंथालयाचे काम दुसऱ्याला वापरता येते, हा ड्युईंच्या मूळ हिशेबाचा लाभ आजही खरा आहे. पद्धतीत दुरुस्ती होते, हेही विसरू नये. ३९६ कधीच मोडला गेला, स्त्रियांविषयीची पुस्तके आता समाजातील गट या दृष्टीने ३०५.४ला जातात, समलैंगिकता ३०६.७६ला आली. १९८८पासून ही पद्धत ओसीएलसी या संस्थेच्या मालकीची आहे, आणि तिच्या संपादकीय धोरणावर देशोदेशींच्या ग्रंथपालांची समिती नजर ठेवते. कोकणीच्या आकड्याची तक्रार घेऊन जायचे असेल तर जागा ती आहे, आणि ती तक्रार मराठी आणि कोकणी ग्रंथपालांनी मिळून केली तर तिचे वजन वेगळेच असेल. स्थानिक साहित्यासाठी तर वाट पाहण्याचीही गरज नाही. ज्या ग्रंथालयाला आपल्या भाषेचे साहित्य अग्रभागी आणायचे आहे त्याने ते ८१०मध्ये ठेवावे, ही मुभा तक्त्यांतच दिलेली आहे. तसे केले तर मराठी कविता ८११ होते, नाटक ८१२, कादंबरी ८१३. इतरांच्या तालिकेतला तयार वर्गांक मग जसाच्या तसा उतरवता येत नाही आणि ग्रंथपालाचे काम वाढते. हा तोटा खरा आहे, आणि तो किती सोसायचा हे प्रत्येक ग्रंथालयाने आपले वाचक पाहून ठरवायचे आहे.